राज्याच्या नव्या कायद्याला नगर परिषदेचा पाठिंबा: कोकणातल्या शहरवासीयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशन होतं, विधेयक मंजूर होतं, राज्यपालांची सही होते. मग आपल्याकडे सर्वसाधारण सभेत अभिनंदनाचा ठराव होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. त्यानंतर बाजारात, एसटी स्टँडवर, घरपट्टीच्या रांगेत लोक एकमेकांना विचारतात की आता नेमकं काय बदलणार. ही माहिती त्यांच्यासाठी आहे. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन अशा नगर परिषदा आणि दापोली, गुहागर, लांजा, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे अशा नगर पंचायती यांना ती लागू पडेल. पनवेलला महानगरपालिका आहे, तिचा कायदा वेगळा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. ठराव एकमताने झाला का, यावरून पाठिंबा मोजू नये. त्या ठरावात काम कोणत्या कर्मचाऱ्याकडे दिलं, पैसे किती ठेवले आणि कधीपासून सुरू होणार, हे लिहिलं आहे का ते पाहावं.

राज्यपालांनी सही केली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून कायदा लागू का?

बहुतेक वेळा नाही. विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपालांकडे जातं. ते संमती देऊ शकतात, संमती रोखून ठेवू शकतात, फेरविचारासाठी परत पाठवू शकतात (धन विधेयक असेल तर परत पाठवता येत नाही) किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. महिला व बालकांवरील अत्याचारांबाबतचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथून कायदा होऊन आलं नाही. तेव्हा ‘विधानसभेत पास झालं’ एवढ्या बातमीवर दुकानदाराने माल फेकून देऊ नये आणि अर्जदाराने नगर परिषदेत भांडायलाही जाऊ नये.

संमती मिळाली की अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्रात छापला जातो. कायद्यातच सुरुवातीची वेगळी तारीख दिली नसेल, तर संमती मिळालेला अधिनियम राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होईल त्या दिवसापासून तो अमलात येतो. पण पुष्कळ कायद्यांत ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास’ अशी ओळ असते. मग त्या अधिसूचनेची वाट पाहावी लागते. त्यानंतर नियम येतात, शासन निर्णय येतो, आणि ‘जीआर आला का?’ हा आपल्या कचेऱ्यांतला नेहमीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

कधी अध्यादेश (अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात तो तात्पुरता कायदा) आधी निघतो आणि कायदा मागून येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्काचं तसंच झालं. अध्यादेश २८ एप्रिल २०१५ ला निघाला, अधिनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. अध्यादेशाला अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाची मान्यता मिळाली नाही तर तो संपतो. म्हणून अध्यादेशाच्या जोरावर मोठा खर्च करण्याआधी नगर परिषद थांबली, तर तिला दोष देऊ नका.

‘सरकारान कायदो केलो, मगे नगरपालिकेन ठराव कित्याक करूचो?’

मालवणच्या बाजारात हा प्रश्न याच शब्दांत ऐकू येईल, आणि तो अगदी रास्त आहे. कायदेशीर उत्तर असं की ठरावाची गरज नाही. राज्याचा कायदा नगर परिषदेच्या हद्दीत लागू व्हायला तिची संमती लागत नाही. पाठिंब्याच्या ठरावाने कायदा बळकट होत नाही आणि ठराव झाला नाही म्हणून तो दुबळाही होत नाही.

तरी ठराव व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण गावातली अंमलबजावणी नगर परिषदेच्याच माणसांच्या हातात असते. आरोग्य निरीक्षक, मुकादम, कर निरीक्षक, जन्म-मृत्यू नोंदीच्या टेबलावरची लिपिक बाई ही ती माणसं. राज्य सरकार त्यांना ओळखतही नाही. सभागृहाने ‘हे काम आपलं आहे’ असं इतिवृत्तात लिहून घेतलं की मुख्याधिकाऱ्यांना माणसं लावता येतात, अंदाजपत्रकात लेखाशीर्ष (त्या खर्चाचं वेगळं खातं) उघडता येतं आणि पुढच्या सभेत नगरसेवकाला ‘त्या ठरावाचं काय झालं?’ असं विचारता येतं. या तिन्ही गोष्टी अभिनंदनाच्या बातमीने होत नाहीत.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अभिनंदनाचा फलक चौकात लावायचा असेल तर त्यालाही परवानगी लागते. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा महाराष्ट्राचा कायदा नगरसेवकांच्या फलकालाही लागू आहे.

नगर परिषदेला एखादा कायदा पटला नाही, तर ती तो नाकारू शकते का?

नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. पण अनुच्छेद २४३-डब्ल्यू नीट वाचलं तर दिसतं की ते अधिकार द्यायचे किती, हे राज्याच्या विधिमंडळानेच ठरवायचं आहे. आपल्या नगर परिषदा १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली चालतात. त्यात जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३०८ खाली नगर परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार आहे. ‘आम्ही हा कायदा पाळणार नाही’ असा ठराव करणाऱ्या सभागृहाला तेवढं उत्तर मिळेल.

विरोध नोंदवता मात्र येतो, आणि नोंदवावा. ‘या तरतुदीमुळे आमच्या शहरात अमुक अडचण येते, शासनाने फेरविचार करावा’ असा ठराव करून नगर विकास विभागाकडे पाठवता येतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या, उतारावर वसलेल्या, चार महिने पावसात भिजणाऱ्या शहराच्या अडचणी मंत्रालयात बसून दिसत नाहीत. त्या इथूनच लिहून जायला हव्यात.

पाठिंब्याचा ठराव चांगला की नुसता औपचारिक, हे कसं ओळखावं?

औपचारिक ठराव साधारण असा असतो: ‘शासनाने सदर कायदा केल्याबद्दल ही सभा शासनाचे अभिनंदन करते. सूचक: अमुक. अनुमोदक: तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.’ यात करण्यासारखं काहीच नाही.

आता हा मजकूर बघा. कोणत्याही सदस्याने तो उचलून आपल्या विषयपत्रिकेवर आणावा:

‘सदर अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी आरोग्य विभागातील एका निरीक्षकाची नेमणूक करण्यात यावी. त्यासाठी चालू अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करण्यात यावी. शहरातील सर्व प्रभागांत मराठीतून जाहीर नोटीस व घंटागाडीवरून उद्घोषणा पंधरा दिवसांत करण्यात यावी. केलेल्या कारवाईचा अहवाल मुख्याधिकारी यांनी दर सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, असे ही सभा सर्वानुमते ठरविते.’

शेवटचं वाक्य आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. दर सभेपुढे अहवाल येणार म्हटलं की फाइल कपाटात राहू शकत नाही.

कायदा राज्याचा, मग खर्च कोणाचा?

ब वर्गाच्या, क वर्गाच्या छोट्या नगर परिषदांना इथेच खरी धाप लागते. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, बांधकाम परवान्याचं शुल्क, गाळ्यांचं भाडं आणि वर राज्याची अनुदानं, वित्त आयोगाचा निधी एवढ्यावर संसार. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला असतो, तो हवा तिथे वळवता येत नाही. नव्या कायद्यासोबत नवा निधी येईलच असं नाही. म्हणून अंदाजपत्रकाची सभा, जी साधारण फेब्रुवारीच्या सुमारास होते, ती नागरिकांनी सोडू नये. कायद्याला पाठिंबा दिला आणि अंदाजपत्रकात त्याच्या नावाने एक रुपयाही नाही, असं दिसलं तर आपल्या नगरसेवकाला तिथल्या तिथे विचारा.

प्लास्टिकबंदी होऊन इतकी वर्षं झाली. मासळी बाजारात अजून पिशव्या दिसतात. मग पाठिंब्याचा उपयोग काय झाला?

२००६ च्या महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियमाखाली राज्याने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली. हातातला साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा आहे. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून बंदी घातली. नगर परिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि आरोग्य विभागाचे अधिकारी कारवाई करू शकतात.

कायद्यात धार आहे, पण मासळी बाजाराची अडचण त्याने आपोआप सुटत नाही. ओली मासळी कागदात राहत नाही आणि कापडी पिशवी घरी नेईपर्यंत गळते. संध्याकाळी टोपली रिकामी करायच्या घाईत असलेल्या मासेवालीकडून एकदम पाच हजार घेणं हा अन्याय वाटतो, म्हणून निरीक्षक तिथे जायचं टाळतो. मग एखाद्या किराणावाल्याला पावती फाडून महिन्याचा आकडा भरला जातो. यातून बाहेर पडायचा रस्ता नगर परिषदेकडेच आहे. बाजाराच्या दारात डबा घेऊन येणाऱ्यांना प्रोत्साहन, महिला बचत गटांकडून पिशव्या, विक्रेत्यांशी आधी बसून बोलणं आणि साठा करणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यावर आधी हात टाकणं, या क्रमाने गेलं तर फरक पडतो. पिशवी घाऊक दुकानातूनच येते. त्याच्यावर छापा नाही आणि टोपलीवालीला दंड, ही अंमलबजावणी आम्हाला मान्य नाही.

या बाबतीत वेंगुर्ल्याचं उदाहरण द्यायलाच हवं. तिथल्या नगर परिषदेने कचऱ्याचं घरोघर वर्गीकरण लावून धरलं, कचरा डेपोच्या जागेवर बायोगॅस आणि प्लास्टिक बारीक करण्याची यंत्रणा उभी केली, ते प्लास्टिक डांबरी रस्त्यात वापरलं. ती जागा बघायला बाहेरगावचे लोक येतात. वेंगुर्ले आकाराने छोटं शहर आहे आणि त्याला वेगळा कायदा मिळालेला नव्हता. तिथे रोज सकाळी गाडीवर जाऊन ‘हा कचरा वेगळा नाही, नेणार नाही’ असं म्हणणारी माणसं उभी केली गेली.

पावसाळ्याआधी गटारं उपसली जातात तेव्हा वर काय येतं ते एकदा जाऊन बघा. बंदीची गरज वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

दंड झाला तर पावती मागून घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

लोकसेवा हक्क कायद्याला आमच्या नगर परिषदेने पाठिंबा दिला होता. मला त्याचा फायदा कसा घेता येईल?

आमच्या मते शहरवासीयाच्या हातात आलेला हा सर्वांत कामाचा राज्य कायदा आहे, आणि सर्वांत कमी वापरलेलाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्याखाली प्रत्येक कार्यालयाने अधिसूचित सेवा, प्रत्येक सेवेची मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती फलकावर लावायची असते. नगर परिषदेत गेलात की आधी तो फलक शोधा. सापडला नाही तर तीच पहिली तक्रार.

जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला तीन दिवसांत, नळजोडणी पंधरा दिवसांत, अशा मुदती नगर परिषदांच्या सेवांना ठरवून दिलेल्या आहेत. घरपट्टीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्तेचं हस्तांतरण, झोन दाखला, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र यांनाही त्या आहेत. मुदतीत काम झालं नाही, किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत ते घेतलं जातं. तिथेही काम झालं नाही तर दुसरं अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: अर्जाची पोच. तोंडी सांगून, ओळखीतून, ‘साहेब आले की बघतो’ यावर विसंबून दिलेल्या अर्जाला मुदत लागत नाही, कारण तो दिल्याचा पुरावाच नसतो. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच हातात आली की दिवस मोजायला सुरुवात होते.

चाकरमान्यांसाठी हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. वडील गेले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि गावी येणं होतं ते गणपतीत किंवा मे महिन्यात. त्या दिवसांत निम्मी कचेरी रजेवर असते. आलेला माणूस दोन हेलपाटे घालतो आणि काम पुढच्या वर्षावर टाकून परळ-लालबागला परततो. असं करायची गरज नाही. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अधिसूचित सेवांसाठी मुंबईतूनच अर्ज करता येतो, अर्जाचा क्रमांक मिळतो आणि तोच तुमचा पुरावा. गणपतीला यायच्या महिनाभर आधी अर्ज टाकला, तर आल्यावर फक्त मूळ कागद दाखवायचे राहतात.

नगर परिषदेने या कायद्याला खरा पाठिंबा द्यायचा तर तिने काय करावं? एक खिडकी मुदतीच्या फलकाखालीच ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना ऑनलाइन अर्ज भरून द्यायला तिथे एक माणूस बसवावा. आणि ‘आज सर्व्हर बंद आहे’ असं सांगायचं असेल तर अर्ज कागदावर घेऊन पोच द्यावी.

दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात, हा नियम छोट्या टपरीलाही आहे का?

आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही पाटीच्या नियमात आली. नाव देवनागरी लिपीत मराठीत हवं आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा मोठी नकोत. दुसरी भाषा वापरायला मनाई नाही. व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. ज्या आस्थापनेत मद्यविक्री होते तिला थोर पुरुषांची, थोर महिलांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, हेही याच दुरुस्तीत आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, सुवर्णदुर्ग ही नावं आपल्या किनाऱ्यावर घरोघरी वापरात आहेत, तेव्हा परमिट रूम काढणाऱ्यांनी नाव ठरवतानाच हे पाहून घ्यावं.

आपल्याकडे दुकाने अधिनियमाचं काम कामगार विभागाकडे असतं. त्यामुळे पाटीबद्दल नगर परिषदेत तक्रार देऊन पंधरा दिवस वाट पाहण्यापेक्षा ती सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात द्यावी.

नगर परिषदेच्या स्वतःच्या कारभारात मराठी सक्तीची झाली, मग तिच्या बोर्डावर दुसरी भाषा चालत नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ ने स्थानिक संस्थांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक केला, आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. घरपट्टीची नोटीस, नळाचं बिल, हरकतींची जाहिरात सामान्य माणसाला आपल्या भाषेत मिळालीच पाहिजे. पण मराठीसोबत आणखी एखादी भाषा लिहिण्याला त्या कायद्यात बंदी नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू होती, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तो फलक कायद्याविरुद्ध नाही असा निर्णय दिला. खेड, मंडणगड, रत्नागिरी, मुरुड या भागात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणाऱ्या लोकांनी हा मुद्दा भांडणाचा करू नये, अशी आमची विनंती आहे.

माझ्या परसात जुना फणस आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो तोडता येतो का?

नागरी हद्दीत असाल तर परवानगीशिवाय नाही. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. झाड तोडायची परवानगी मिळाली तरी त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. साठ वर्षांचा फणस म्हणजे साठ रोपं. अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे नगर परिषदेतच द्यायचा.

कोकणात परसातलं झाड हा कुटुंबाचा ठेवा असतो, आणि तो धोकादायकही होऊ शकतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आलं तेव्हा माडा-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांवर झाडं पडली. त्यामुळे मे महिन्यात धोकादायक फांदीची तक्रार आली तर नगर परिषदेने ती जूनमध्ये उघडून चालणार नाही. या कायद्याला पाठिंबा द्यायचा म्हणजे जुन्या झाडांची गणना पूर्ण करायची, प्रत्येकाचं वय अंदाजाने का होईना नोंदवायचं आणि फांद्या छाटायचे अर्ज पावसाआधी निकाली काढायचे. गणनाच झाली नसेल तर पन्नास वर्षांचा उंडी कोणता आणि वीस वर्षांचा कोणता, हे बिल्डर सांगेल तेच खरं मानायची वेळ येते.

कायदा होण्याआधी आपल्या नगरसेवकाचं काही चालतं का?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून भरल्या जातात, आणि आपला मतदारसंघ आहे रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग. तिथे मत तुमच्या नगरसेवकाचं असतं. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्या तेव्हा अशा अनेक जागा रिकाम्या पडल्या, आणि नगरपालिकांविषयीच्या विधेयकांवर बोलणारा त्यांचा हक्काचा माणूस सभागृहात नव्हता.

त्या काळात ठरावही शासनाने नेमलेल्या प्रशासकांच्या सहीने होत होते. डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदा व नगर पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहं पुन्हा भरली. प्रशासकाच्या काळात कोणते ठराव झाले, कोणते नव्या कायद्यांच्या अंमलबजावणीचे होते आणि त्यांचं पुढे काय झालं, याची यादी नव्या सदस्यांनी पहिल्या काही सभांतच मागवायला हवी.

कायद्याचा मूळ मजकूर कुठे वाचायचा?

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या संकेतस्थळावर. तिथे अधिनियम मराठीत असतो. बातमीवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका. अधिनियमाचा क्रमांक आणि वर्ष लिहून ठेवा. लोकसेवा हक्काचा क्रमांक ‘सन २०१५ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३१’ असा आहे. क्रमांक सांगितला की टेबलापलीकडचा माणूस जरा सरळ बसून बोलतो.

कायदाच चुकीचा वाटला तर न्यायालयात कुठे जायचं?

मुंबई उच्च न्यायालयात. मात्र रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी एक मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. सावंतवाडीच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज राहिली नाही. रायगडकरांना मात्र मुंबईच.

ठरावाची अंमलबजावणी झाली का, हे विचारायचा अर्ज कसा लिहू?

माहिती अधिकाराखाली, नगर परिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आधीची पार्श्वभूमी, राग, इतिहास यांत शब्द घालवू नका. ‘का केलं नाही?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कागद मागा, कागद मिळतो. मजकूर एवढाच पुरे:

‘दिनांक ……… रोजीच्या सर्वसाधारण सभेतील ठराव क्रमांक ……… ची प्रत, त्यानुसार नेमणूक केलेल्या कर्मचाऱ्याच्या आदेशाची प्रत, या कामासाठी चालू वर्षात झालेल्या तरतुदीचा व खर्चाचा तपशील, आणि आजपर्यंत केलेल्या कारवाईच्या नोंदवहीची प्रत मिळावी.’

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. उत्तरात ‘माहिती निरंक’, म्हणजे काहीच नाही, असं आलं तर तो कागद तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला सांगा.